पालथा पेला

"मूल बोलतंय म्हणजे त्याला ऐकू येतंय, असं धरून चालू नकोस. पाठीमागून हाक मारून बघ एकदा," ताई म्हणाल्या होत्या.

ताई म्हणजे माझ्या सासूबाई. देवासच्या आमच्या घरात लहानथोर सगळे त्यांना ताईच म्हणतात. मी ते हसण्यावारी नेलं. आरोही दिवसभर बडबडायची, आणि बडबडणाऱ्या मुलीच्या कानांची काळजी कोण करतं? टीव्ही मोठ्यानं लावायची, हाक मारली तर वळायची नाही. मला वाटायचं, बापावर गेलीय. नीलकंठ जेवायला बसला की त्यालाही कुठं ऐकू येतं!

मग इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की तिच्या दोन्ही कानांत पडद्यामागं पाणी साचलंय. वेळेवर आलात, म्हणाले. औषधं झाली, पाणी उतरलं, आरोही बरी झाली. मी मात्र बरी झाले नाही. डॉक्टरांनी घरी करून बघायची जी तपासणी शिकवली होती ती मला चिकटून बसली. माणसाच्या मागं उभं राहायचं, तोंडावर हात धरायचा आणि हळूच हाक मारायची. शेजारच्या काकू, दूधवाला, बसमधला पुढच्या सीटवरचा अनोळखी माणूस, मी कुणालाही सोडलं नाही. दूधवाल्याला तर वाटायला लागलं होतं की माझं काहीतरी बिनसलंय.

या खोडीमुळेच केरमदाजींची गोष्ट मला कळली.

मी तेव्हा हाटपिपल्याच्या रस्त्यावर एका काळ्या दगडाच्या खदानीजवळ झूलाघर चालवत होते. पाळणाघर म्हटलं तर तिथं कुणाला कळायचं नाही. एका संस्थेनं पत्र्याची शेड टाकून दिली होती. खदानीत काम करणाऱ्या बायांची मुलं दिवसभर तिथं असायची, आणि त्यांच्यातच माझी आरोही. बी. एस्सी. करून हे करणार का, असं माहेरी विचारून झालं होतं. पण मुलगी नजरेसमोर राहील असं दुसरं काम मला कोण देणार होतं?

शेडच्या दारातून पूर्ण खदान दिसायची. बहुतेक माणसं धार जिल्ह्यातली, कुक्षीकडची, भिलाला आदिवासी घरांतली. सुरुवातीला मला नुसती धूळ दिसायची आणि मुलांची काळजी वाटायची. हळूहळू माणसं दिसायला लागली. घणवाला आधी दगडाभोवती एक फेरी मारायचा, हात फिरवायचा, मग एकाच जागी घाव घालत राहायचा. दगड बराच वेळ काहीच दाद द्यायचा नाही आणि मग अचानक भाकरी मोडावी तसा सरळ दोन तुकड्यांत पडायचा. बाया रांगेत उभ्या राहून पाट्या हातोहात पुढं द्यायच्या, आणि एवढं वजन हातात असताना त्यांच्या गप्पा कधी तुटायच्या नाहीत. देखरेखीला अर्पित नावाचा तरुण होता, सगळ्यांचा अर्पित भिया, म्हणजे भैया. तो पांढरे बूट घालून खाली उतरला की रांगेतून हमखास आवाज यायचा, "भिया, जूते संभाल के, हमारे पत्थर मैले हो जाएँगे." तोही हसायचा. नाही हसला असता तर त्याला तिथं दिवस काढता आले नसते.

संध्याकाळी सगळे वर आले की सुरुंग लागायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ताज्या फुटलेल्या कड्याखाली एकदम कुणी उतरायचं नाही. कड्यात कुठं सुटा दगड अडकून राहिलाय, कुठं आत पोकळी झालीय, ते वरवर बघून कळत नाही. म्हणून आधी फक्त केरमदाजी जायचे, मागं पाण्याची कळशी घेऊन त्यांची बायको. हातात लांब पहार, तिला ते सब्बल म्हणत. एका अंगाला उभे राहून ते कड्यावर पहार ठोकत पुढं सरकायचे. दगड पक्का असला की ठण्ण वाजतो. सुटा असला की भद्द, धान्याच्या पोत्यावर मारल्यासारखा. तसा वाजला की ती जागा आधी पहारीनं उचकटून पाडायची आणि मगच पुढं जायचं.

आणि नंतर ते काय करायचे? जो कडा त्यांनी पक्का ठरवला, त्याच्याच खाली जाऊन बसायचे आणि चहा प्यायचे. सावकाश. वर सगळी माणसं उभी, ट्रॅक्टर सुरू होऊन थांबलेले, अर्पित भिया घड्याळ बघतोय, आणि केरमदाजी निवलेल्या चहावरही फुंकर मारत तो पिताहेत. चहा संपला की ते स्टीलचा पेला शेजारच्या दगडावर पालथा घालायचे. तो पालथा पेला दिसल्याशिवाय कुणी खाली पाऊल टाकायचं नाही. ही रीत कुणी घालून दिली ते कुणालाच सांगता यायचं नाही. दुसऱ्याला जिथं उभं करायचं तिथं आधी आपण बसायचं, एवढंच. तो चहा माझ्या शेडमधल्या शेगडीवर व्हायचा, म्हणून पेला माझ्या हातून जायचा आणि माझ्याकडेच परत यायचा. मला त्याचा उगाच अभिमान वाटायचा.

एका सकाळी केरमदाजी शेडच्या बाहेर बसून पहारीचं टोक दगडावर घासत होते. पाठ माझ्याकडे होती. माझी खोड जागी झाली. मी तोंडावर हात धरला आणि हळूच म्हटलं, "दाजी." ते घासत राहिले. थोडं मोठ्यानं म्हटलं. मग नेहमीच्या आवाजात. आतून मुलं माझ्याकडे बघायला लागली, दाजींनी मात्र मान वळवली नाही.

ज्याच्या कानाच्या भरवशावर ही सगळी माणसं कड्याखाली उतरतात, त्यालाच ऐकू येत नाही. शेडमधल्या प्रत्येक मुलाची आई त्या कड्याखाली होती.

अर्पित भियाकडे धावत जावं असंच मला वाटलं. पण आधी मी पार्वतीला गाठलं. पार्वती म्हणजे केरमदाजींची बायको, पाट्यांच्या रांगेत सगळ्यात पुढं असणारी आणि सगळ्यात जास्त टोमणे मारणारी. मी सांगितलं ते तिनं ऐकून घेतलं. नाकारलं नाही. ड्रिल मशीनच्या आवाजानं कान गेले, म्हणाली, एकदम नाही, थोडे थोडे करत. मग म्हणाली, कल सवेरे जरा पास आके देखना.

दुसऱ्या दिवशी मी मुलांना त्यांच्यातल्याच एका मोठ्या मुलीपाशी बसवून खदानीच्या काठापर्यंत गेले. केरमदाजी पहार ठोकत होते आणि पार्वती त्यांच्या मागं, हातात पाण्याची कळशी घेऊन उभी होती. रोजच असायची. मला वाटायचं, नवऱ्याला पाणी द्यायला जाते. तिचा दुसरा हात आता मला दिसला. त्यात केरमदाजींच्या सदऱ्याचं मागचं टोक होतं. पहार वाजायची, ती ऐकायची. पक्का असला तर हात तसाच. सुटा असला तर एक हलका हिसका. समोरून बघणाऱ्याला काहीही कळायचं नाही.

मग दोघं कड्याखाली बसली. चहा एकाच पेल्यातून, आधी त्यांनी, मग तिनं.

वर आल्यावर मी तिला विचारलं, तू कशाला बसतेस खाली? रीत तर पहारवाल्याची आहे.

"कान मेरा लगा है बेन," ती म्हणाली, "तो सिर भी मेरा ही लगेगा ना."

तिनं एवढंच मागितलं की अर्पित भियाला सांगू नकोस. सब्बल हातातून गेली की माणूस राहणार नाही, म्हणाली. मी गप्प राहिले. पण दररोज सकाळी पेला पालथा पडेपर्यंत मी शेडच्या दारातून हलायची नाही. घरी ताई विचारायच्या, काय गं, जेवण का जात नाही? मी उन्हावर ढकलायची. मनात हिशेब एकच चालायचा. पार्वतीचा हात सदऱ्यावर आहे तोवर ठीक. पण ज्या दिवशी तो नसेल त्या दिवशी काय?

तो दिवस आला. कुक्षीहून फोन आला की पार्वतीची आई आजारी आहे, बघायला ये. पहाटेच्या बसला निघण्याआधी, आदल्या संध्याकाळी, ती माझ्याकडे आली. नेहमीचा एकही टोमणा नाही. मी म्हटलं, दाजींना पण घेऊन जा. ते येणार नाहीत, म्हणाली, पहारवाला सुट्टी घेतो तेव्हा लोक कारण विचारतात. दुसऱ्या कुणाच्या हातात पहार द्यायची तर त्याचंही कारण सांगावं लागेल. मग ती म्हणाली, "तू है ना इधर. देख लेना."

काय बघून घेऊ? मला ठण्ण आणि भद्द यातला फरक लांबून कळायचा, पण मधले जे दहा आवाज होते ते कळायला जन्म तिथं काढावा लागतो. रात्रभर मी कूस बदलत राहिले आणि उजाडता उजाडता ठरवलं की अर्पित भियाला सांगायचं. केरमदाजींचं मन दुखलं तर दुखू दे. पार्वती माझ्याशी बोलणं टाकेल, टाकू दे.

सकाळी नेहमीसारखा चहाचा पेला मी केरमदाजींच्या हातात दिला. ते खाली गेले. मी आरोहीला कडेवर घेतलं आणि अर्पित भियाकडे निघाले. तो काठावर उभा राहून फोनवर बोलत होता. गिट्टीची, म्हणजे खडीची, मोठी मागणी होती त्या दिवशी, आवाजावरूनच कळत होतं. मी त्याचं बोलणं संपायची वाट बघत उभी राहिले. खाली केरमदाजींनी पेला दगडावर ठेवला आणि पहार उचलली.

ठण्ण. पुढं सरकले. ठण्ण. मग एका जागी त्यांनी पहार मारली आणि थांबले. परत मारली. मला तो आवाज दोन्हींमधला वाटला, किंवा भीतीमुळं तसा वाटला असेल. त्यांनी कड्यावर तळहात ठेवला आणि दुसऱ्या हातानं पुन्हा मारून बघितलं. मग तो तळहात दगडावरून उचलला गेला आणि मागं, आपल्याच सदऱ्याच्या टोकाकडे गेला. तिथं थोडा वेळ रेंगाळला.

वरती सगळे वाट बघत होते. अर्पित भियाचा फोन संपला. "भिया," मी म्हटलं.

तेवढ्यात केरमदाजींनी पहार आडवी करून जमिनीवर ठेवली. चहाचा भरलेला पेला उचलला आणि तसाच, एक थेंब न सांडता, चढ चढून वर आले. माझ्यासमोर येऊन तो पेला माझ्या हातात दिला. चहा गार होऊन वर साय धरली होती. मग वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, ज्याला ऐकू येत नाही त्याचा आवाज जरा जास्तच मोठा असतो तशा आवाजात, ते म्हणाले, "मेरे कान गए. आज से नहीं, बहुत पहले से. पार्वती सुनती थी, मैं मारता था. आज वो नहीं है, तो आज मैं किसी को नीचे नहीं भेजूँगा."

पाट्यांच्या रांगेतल्या बायांनी पाट्या खाली ठेवल्या. घणवाल्यांनी घण. मला वाटलं होतं हसतील, चिडतील, इतके दिवस आम्हाला खाली उतरवलंत म्हणून अंगावर जातील. एक म्हातारा घणवाला फक्त एवढंच म्हणाला की बायकोचं ऐकतो असं आम्ही म्हणायचो ते खोटं नव्हतं तर. त्यावर थोडं हसू फुटलं, दाजींना ते ऐकू आलं नाही, पण चेहरे बघून तेही हसले.

अर्पित भिया तापला. गाड्या रांगेत उभ्या आहेत, वर काय सांगू, दुसरा कुणी पहार मारू शकत नाही का, असं बरंच. त्यानं दोघातिघांकडे बघितलं. पहार जिथं ठेवली होती तिथंच पडून राहिली. ज्या कड्याखाली पेला पालथा पडला नाही तिथं कुणी जाणार नव्हतं, आणि दुसऱ्याची पहार कुणी आपणहून उचलणार नव्हतं. शेवटी अर्पित भिया आपल्या पांढऱ्या बुटांकडे बघत राहिला आणि म्हणाला, ठीक है, आज पुराना माल भरो. त्या दिवशी सगळ्यांनी आधीच्या ढिगावर काम केलं.

दुपारी केरमदाजी शेडच्या दारात येऊन बसले. आरोही त्यांच्या पुढ्यात चमच्यानं खडे वाजवत होती. मी समोर जाऊन, त्यांना ओठ दिसतील अशी बसले आणि म्हटलं की दाजी, मला माहीत होतं, मी त्या दिवशी मागून हाक मारून बघितली होती.

ते म्हणाले, "मालूम है. सूरज तेरे पीछे था. तेरी परछाई मेरे सामने पत्थर पे पड़ी थी, मुँह पे हाथ रखा हुआ."

मला कळेना. मग वळला का नाहीत, मी विचारलं. वळला असतात तर मला वाटलं असतं की ऐकू येतंय.

त्यांनी आरोहीच्या हातातला एक खडा घेतला, अंगठ्यानं पुसला, परत तिला दिला. "इसी वास्ते नहीं पलटा, बेन," ते म्हणाले. "किसी एक को तो पता होना चाहिए था."

दुसऱ्या दिवशी पार्वती परतली. आईचं बरं होतं. बसमधून उतरल्या उतरल्या तिला रस्त्यातच सगळं कळलं असावं, कारण ती घरी न जाता सरळ खदानीवर आली. पहार अजून तिथंच खाली पडून होती. ती उतरली, पदर खोचला आणि पहार उचलली. त्या खदानीत बाईनं पहार उचललेली कुणी बघितली नव्हती. अर्पित भिया काहीतरी बोलायला पुढं झाला आणि मग मागं सरकला.

तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. ठण्ण, ठण्ण. केरमदाजी तिच्या मागं, हातात कळशी घेऊन. आदल्या दिवशी जिथं त्यांचा हात थांबला होता तिथं ती आली. या वेळी मला शेडच्या दारातूनही शंका आली नाही. भद्द. दोघांनी मिळून पहार फटीत घातली आणि जोर लावला. आमच्या घराच्या दरवाजाएवढी शिळा सुटली आणि जिथं दोघं रोज चहाला बसत तिथंच येऊन पडली. धूळ खाली बसेपर्यंत सगळे केरमदाजींकडे बघत होते. ते पार्वतीकडे बघत होते.

मग तिनं उरलेला कडा ठोकून संपवला, त्या पडलेल्या शिळेवर बसली आणि माझ्याकडे हात करून चहा मागितला. मी पेला घेऊन पहिल्यांदाच खाली उतरले. तिच्या हातात तो देऊन तिथंच कड्याखाली उभी राहिले. ती सावकाश प्यायली, अगदी त्यांच्यासारखी, उगाच फुंकर मारत. रांगेतून कुणीतरी ओरडलं, "महारानी, जल्दी पियो, शाम हो जाएगी." तिनं आणखी हळू प्यायला सुरुवात केली. शेवटी पेला पालथा घातला आणि सगळी खदान खाली उतरली.

तेव्हापासून पहार पार्वतीची आहे. केरमदाजी आता खाली येणाऱ्या गाड्यांना झेंडा दाखवतात, ते काम डोळ्यांचं आहे. अर्पित भियानं कानावर लावायची जाड आवरणं मागवली, मी त्याच्या मागं लागले म्हणून म्हणा किंवा त्यालाही त्या सकाळची भीती बसली म्हणून म्हणा. सगळ्यांना दिली. पार्वतीलाही दिली. पण पहार ठोकताना ती आवरणं काढावीच लागतात, नाहीतर दगड ऐकू कसा येणार? आणि ड्रिल मशीन शेजारच्या भागात तेव्हाही चालू असायचं. मी अर्पित भियाला म्हटलं होतं की ती कडा ठोकते तेवढा वेळ मशीन बंद ठेव. हो म्हणाला. मी तिथं होते तोवर ठेवतही होता.

आता मी तिथं नाही. नीलकंठची बदली पीथमपूरला झाली आणि आम्ही धारला राहायला आलो. आरोही शाळेत जाते. मागून हाक मारली की लगेच वळते, कधी कधी चिडून वळते, कारण मी दिवसातून फार वेळा मारते. पार्वतीला मी फोन करते, ती नेहमी म्हणते, सब ठीक बेन, सब सुनाई देता है. पण फोनवर ती मोठ्यानं बोलायला लागलीय का, की मलाच तसं वाटतं, हे इथून कळत नाही. आणि तिला विचारण्यात अर्थ नाही. तिनं नवऱ्याचं इतके दिवस झाकलं, स्वतःचं किती झाकेल?

म्हणून ही एवढी गोष्ट लिहिली. हाटपिपल्याला नृसिंहाच्या दर्शनाला जाणारे तुमच्यात कुणी ना कुणी असतीलच. रस्त्याच्या कडेला क्रशरची करडी धूळ दिसली की थोडं थांबा, पत्र्याच्या शेडपाशी कुणालाही विचारा, पार्वती कुठं आहे ते कुणीही सांगेल. ती पाठमोरी असेल तेव्हा तिच्या मागं जाऊन उभे राहा. फक्त आधी सूर्य कुठल्या बाजूला आहे ते बघा, तुमची सावली तिच्या पुढ्यात पडता कामा नये. मग हळूच हाक मारा, पार्वती बेन म्हणून. आणि ती वळली का, तेवढं मला कळवा.